दारामागचा खोकला

आईचं बोट एंटरवरून हटेना. स्क्रीनवरच्या अंधाऱ्या घरातलं शेवटचं दार काही केल्या उघडत नव्हतं, आणि दारामागून बाबांचा खोकला ऐकू येत होता.

ईशानीने बनवलेला गेम होताच एवढासा. त्यात ना शत्रू, ना पॉइंट्स. रिकाम्या घरातून हिंडायचं, नळाची टिपटिप ऐकायची आणि त्या दाराशी येऊन थांबायचं. तो खोकला तिने बाबा असताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. आई कधी लॅपटॉपला हात लावेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"ह्यांना उबळ आलीये. उघड ना गं!"

"आई, नाही उघडत ते. आत खोलीच बनवली नाहीये मी. नुसता आवाज आहे."

आईने ऐकलंच नाही. दवाखान्यातही तिला असंच काचेच्या दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. दार उघडलं तेव्हा खोकला थांबला होता.

ईशानीला बघवेना. तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तो आईने घट्ट धरला.

"नको, बंद नको करूस. मी बसते इथे बाहेरच. खोकतायत, तोवर आहेत ते."