कुंभेखोऱ्याची रोजची हजेरी

उपग्रह निकामी झाल्यापासून कुंभेखोऱ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध उरला होता, तो डोंगरावरच्या एका रिपीटरमुळे; खोऱ्यातला क्षीण रेडिओ-संदेश पकडून तो पुढे शहराकडे पाठवायचा. शहरातल्या हौशी रेडिओवाल्यांना खरखर सोसवत नसे, म्हणून त्याला नवी सोय जोडली होती. आवाज तुटक आला, की बोलणाऱ्याच्या जुन्या बोलण्यावरून तो गाळलेले शब्द स्वतःच भरायचा. खोऱ्यातल्या मालूताई रोज सकाळी रेडिओवरच्या हजेरीला सांगायच्या, "आमचं सगळं ठीक आहे." मदतीचे ट्रक मग दुसरीकडे जायचे.

वादळात वाकलेला रिपीटरचा अँटेना सरळ करायला त्या रेडिओवाल्यांपैकी शाल्मली आणि तुळपुळेकाका डोंगरावर आले होते.

"आधी खोऱ्यातला सिग्नल थेट ऐक," काका म्हणाले. "किती क्षीण झालाय ते कळेल."

शाल्मलीने आपला सेट मालूताईंच्या फ्रिक्वेन्सीवर लावला. खरखरीतून घोगरा आवाज आला, "...पोरं गेली... पाणी नाही... कुणी ऐकतंय का..."

त्याच क्षणी काकांच्या सेटवर, रिपीटरमधून, मालूताई प्रसन्नपणे म्हणाल्या, "आमचं सगळं ठीक आहे."

शहरातून लगेच उत्तर आलं, "आवाज एकदम स्पष्ट येतोय, ताई. उद्या बोलू."