मानाची छाती

सहादेवानं बंडीचे बंद सोडले आणि तो टेबलावर असा बसला, की बघणाऱ्याला वाटावं आता अंतरपाट धरायचाच बाकी आहे.

संगमनेरच्या शाळेत पुण्याच्या हृदयरोग मंडळाचं सालाबादचं शिबिर होतं. मंडळ दानधर्मावर चालायचं. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी पैसा दिला होता, कारखान्यानं मांडव दिला होता आणि सहादेवानं छाती दिली होती. तिन्ही दानांत आपलं दान वरचढ, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याच्या काळजातली एक झडप आवळत चालली होती. तिच्यातून रक्त वाट काढायला लागलं, की लांब कुठं लाकडी पुलावरून बैलगाडी जावी तशी गडगड ऐकू यायची. डॉक्टरकी शिकणारी पोरं ती गडगड पुस्तकात वाचायची आणि सहादेवाच्या छातीवर ऐकायची. राजूरच्या बाजारात तो सांगायचा, की आपल्या छातीवर शिकून गेलेल्या एका डॉक्टरनं विलायतेत गोऱ्या सायबाची छाती तपासली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, ह्यात काय राम नाही, आमच्या सहादेवाची ऐका. बाजारात हे कुणी खोडून काढलं नव्हतं. गावच्या जत्रेत पहिला नारळ दुसऱ्या घराण्याचा होता. शिबिरात पहिली छाती सहादेवाची असायची.

आज मात्र पोरं मागंच थांबली आणि मोठे डॉक्टर शामकांत खुर्ची ओढून जवळ बसले. देणग्या बऱ्या जमल्या होत्या म्हणाले. यंदा मंडळ एका गरीब रोग्याचं ऑपरेशन पुण्यात फुकट करून देणार होतं. झडप मोकळी होईल, दम लागणं थांबेल. नाव सहादेवाचं निघालं होतं.

सहादेवाला दम लागतो हे त्यानं कुणाला कबूल केलं नव्हतं. ओढ्यावरून घराकडं चढताना तो मध्येच दगडावर टेकायचा आणि कुणी विचारलं तर पिकं बघतोय म्हणायचा. पिकं नसतील त्या दिवसांतही.

"आन आवाज?" त्यानं विचारलं.

"आवाज जाईल. त्यासाठीच तर करायचं."

"आन न्हाई केलं तर?"

"तर बाबा, फार सालं ही पोरं तुमच्यापुढं रांग लावणार नाहीत."

सहादेवानं थोडा विचार केला. मरणापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट टोचत होती. मग पुढल्या साली पहिली छाती कुणाची, असं त्यानं विचारलं. मिळेल की दुसरा कुणीतरी, डॉक्टर सहज बोलून गेले. दुसरा कुणीतरी! मान म्हणजे काय एसटीतली जागा, की एक उठला की दुसरा बसला?

त्यानं दाराकडं बघून हाक मारली. त्याचा पोरगा गहिनीनाथ दाराशी पिशवी घेऊन उभा होता. गेल्या साली लग्न झालेला, अंगानं मल्ल, एका दमात पोतं माळ्यावर टाकणारा.

"माझ्यामागं ह्यो," सहादेव म्हणाला. "ह्याची ऐका."

डॉक्टर हसले. "अहो बाबा, ही काय पाटीलकी आहे, बापाची पोराला मिळायला?"

पण सहादेव हटेना. तो टेबलावरून उतरला आणि त्यानं पोराला सदरा काढायला लावला. मग बाजारात बैल दाखवावा तसा तो कडेला उभा राहिला. घाई करू नका म्हणाला. डाव्या कुशीवर निजवा म्हणाला. आपलीही तशीच चांगली ऐकू येते म्हणाला. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून डॉक्टरांनी नळी कानाला लावली. पोरं आपापसांत खुसखुसत होती.

डॉक्टरांच्या तोंडावरचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी काढून ठेवायचं विसरावं तसं. मग ते गेलं. त्यांनी नळी जरा खाली सरकवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि एका विद्यार्थ्याला बोटानं बोलावलं. त्यानं ऐकलं आणि डॉक्टरांकडं बघितलं. मग दुसरा आला. मग तिसरा. खुसखुस थांबली आणि टेबलापाशी रांग लागली.

सहादेवाची मान ताठ झाली. बघा, म्हनलं न्हवतं, असं तो म्हणणार होता.

"आबा, हाय का?" गहिनीनाथानं पडल्या पडल्या विचारलं. नळीचं गार टोक छातीला लागून त्याला गुदगुल्या होत होत्या. तो हसत होता.

सहादेवानं एकवार पोराच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं, एकवार रांगेकडं बघितलं.

"गप पड," तो म्हणाला.

मग तो डॉक्टरांना खिडकीकडं घेऊन गेला. "त्या आपरेशनला ह्याला न्या," तो हळू आवाजात म्हणाला.

सोय एकाचीच आहे, असं डॉक्टर सांगू लागले. पोरगा तरणा आहे, त्याला अजून वेळ आहे; बाबांना वेळ नाही. सहादेवानं हात वर करून त्यांना थांबवलं. आता त्याचा आवाज चढला होता, टेबलापर्यंत नीट ऐकू जाईल इतका.

"त्याला इतक्यात मान मिळायचा न्हाई. मी जित्ता हाय तवर मान माझा."

आणि तो भिंतीकडच्या बाकावर डाव्या कुशीवर आडवा झाला.

"या रं पोरांनो," तो म्हणाला, "रांग हिकडं लावा."