चिंच-मीठ

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या या घरात आम्ही १९८४ साली आलो. त्याच दिवाळीत वसुधाने, माझ्या बायकोने, देवाच्या तांब्याबरोबर माझं १७९४ सालचं एका सेंटचं नाणंही चिंच-मीठ लावून घासलं.

"अहो, किती काळं पडलं होतं!" म्हणत तिने ते लखलखीत नाणं माझ्या हातावर ठेवलं.

तांब्याच्या जुन्या नाण्याचा काळपट रंग गेला, की नाणी जमवणाऱ्याच्या लेखी ते मेलं. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.

तिला जाऊन आता चार वर्षं झाली. दर धनत्रयोदशीला संध्याकाळी मी माझ्या नाण्यांची तिजोरी उघडतो, तेव्हा आतलं एक नाणं लखलखत असतं. चिंचेचा वास येतो. किल्ली माझ्या गळ्यात असते आणि घरात चिंच मी आणतच नाही.

"बाबा, जस्ट सेल देम," उर्वी फोनवर म्हणते. लेकीला काय सांगणार? उलट दिवाळीआधी मी मुद्दाम एखादं काळंकुट्ट नाणं शोधून आणतो आणि तिजोरीत ठेवतो.

यंदा उर्वीला आणायला दुपारी एअरपोर्टवर जायचं होतं, म्हणून मी सकाळीच तिजोरी उघडली.

नव्याने आणलेल्या नाण्यावरच्या मोकळ्या केसांच्या बाईचा अर्धा चेहरा लखलखत होता. अर्धा अजून काळाच होता. नाणं ओलं होतं, आणि माझ्या बोटांना चिंचेचा कोळ लागला.

मी ते होतं तसं परत ठेवलं, दार हळूच लोटलं आणि म्हणालो, "चालू दे तुझं."