निर्धोक खुर्ची

"हणमंता, साहेबांच्या खुर्चीत बस," साळवे सिस्टर म्हणाल्या. हणमंत ट्रकड्रायव्हर. सीट रिकामी दिसली की बसायचं, एवढं त्याला जमायचं. तो बसला.

साल १९९१. जिल्ह्याच्या दवाखान्यात एड्सचे चार पेशंट शवागाराशेजारच्या गोदामात ठेवले होते, हणमंत त्यातलाच एक. त्यांना जनरल वॉर्डात खाटा हव्या होत्या. सिस्टरांनी तसं निवेदन लिहून दिलं, चौघांनी सह्या केल्या. अधीक्षकसाहेबांनी त्या कागदाला हात लावला नाही. "स्पर्शाचं काही सांगता येत नाही," म्हणाले.

साहेब राउंडवरून आले आणि दारातच थबकले. "सिस्टर, उठवा त्याला!"

"उठतो की," हणमंत म्हणाला. "पण साहेब, आता तुम्ही इथं बसणार का?"

साहेबांनी दुसरी खुर्ची मागवली. दुपारी तीत दुसरा पेशंट बसून गेला. बुधवारपर्यंत चार खुर्च्या बाद झाल्या आणि साहेब कचेरी उभ्यानं चालवू लागले.

गुरुवारी साहेबांचे पाय सुजले. सिस्टरांनी टाइप केलेला आदेश पुढे धरला: स्पर्शानं एड्स होत नाही, सबब चौघांना जनरल वॉर्डात हलवावे. "एक सही करा साहेब, चारही खुर्च्या सरकारी नियमानं निर्धोक होतात."

साहेबांनी सही केली, टेबलावरचं वर्तमानपत्र खुर्चीवर अंथरलं आणि बसले.

"तो पेपर आमच्या गोदामातला आहे," दारात उभा हणमंत म्हणाला. "शब्दकोडं मीच सोडवलंय."

साहेब अर्धे उठले. सहीची शाई अजून ओली होती. तिच्याकडे बघत ते सावकाश परत बसले.