आभाराचं एक मिनिट

पंख्याखालची खुर्ची कॉलरवालीसाठी राखून ठेवली होती. ती नको नको म्हणत असतानाच मास्तरीणबाईंनी तिला दंडाला धरून बसवलं.

“तुम्हाला राजधानीचा प्रवास झेपत नाही, म्हणून तर राजधानी इथे आणली,” बाई म्हणाल्या.

शाळेच्या सभागृहात पांढरा पडदा टांगला होता. त्यावर दूरच्या मैदानातली गर्दी हलत होती. मुख्य मेळावा तिथे, आणि अशा चाळीस गावांतल्या छोट्या सभा पडद्यावरून त्याला जोडलेल्या. मागणी एकच. कारखान्यात आग लागली आणि दारांना कुलपं सापडली, तर मालकाला धरणारा कायदा हवा.

आठ वर्षांपूर्वीचा धूर कॉलरवालीच्या छातीत अजून मुक्काम ठोकून होता. दहा पायऱ्या चढल्या की श्वासाचा भाता व्हायचा. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलरी जोडायची. तिच्या डाव्या हाताला काजवाली, उजव्या हाताला बाहीवाली. खरी नावं तिथे पगाराच्या दिवशीच ऐकू यायची. आगीत त्या दोघी आतच राहिल्या. हिला मात्र कोणीतरी काखेत हात घालून फरफटत अंगणात आणलं. चेहरा दिसला नव्हता. शुद्धीवर आली ती दवाखान्यात.

“अग्निशामक दलाचा माणूस असणार, दुसरं कोण?” सगळे म्हणाले. तिनेही तेच धरून ठेवलं. गेली आठ वर्षं सकाळी डोळे उघडले की ती आधी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडायची.

“अजून एक तास आहे,” शेजारी बसलेली धाकटी जाऊ म्हणाली. “तोवर मालकाला शिव्या घालून घेऊ. बघा ना जाऊबाई, त्याने दुसऱ्या गावात नवा कारखाना काढलासुद्धा, आणि चौकीदार बसलाय तुरुंगात. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“संन्यासी कसला तो? मेला पळाला!” कॉलरवाली म्हणाली.

तिने स्वतः पाहिलं होतं. बाहेरून कुलूप, किल्ली चौकीदाराकडे. खिडकीशी सगळ्या हाका मारत होत्या आणि तो पाठ फिरवून धूम ठोकत होता. कोर्टात तिने तेच सांगितलं. तो पिंजऱ्यातून काहीबाही बोलत होता. पण जिवावर बेतलं की माणूस काय वाटेल ते बोलतो. निकाल लागला, दहा वर्षं. तेव्हा गावाने तिच्या धीराचं कौतुक केलं होतं.

आजचा दिवस मात्र गोड होता. मास्तरीणबाईंनी जुने कागद धुंडाळून त्या दुपारच्या बंबावरच्या जवानाचा पत्ता लावला होता. तो आता निवृत्त होऊन लांबच्या गावी राहत होता. बाईंनी त्याला बोलावलं आणि राजधानीकडून तिच्यासाठी एक मिनिट मागून घेतलं. त्या मिनिटात ती साऱ्या देशासमोर त्याचे आभार मानणार होती.

जवान आला. पोट सुटलेला, गुडघ्यांनी दमलेला. ती उठून उभी राहिली. तिने कागदात बांधलेला नवा शर्ट त्याच्या हातात ठेवला.

“अंदाजाने शिवलाय. मला ओढून काढणारा दणकटच असणार, असं धरून.”

जवान हसला. मग त्याने पुडकं हळूच परत तिच्याकडे सरकवलं.

“हा मला घेता येणार नाही, ताई.”

“का? आखूड होईल?”

“होईल बरोबर. पण मान माझा नाही. आम्ही पोचलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. तुम्ही नऊजणी अंगणात पडलेल्या. आम्ही पाणी मारलं आणि तुम्हाला गाडीत घातलं, एवढंच.”

“मग आम्हाला काढलं कोणी?”

“होता एक. पुढच्या दाराला आगीने वेढलं, म्हणून तो मागच्या दाराकडे धावला. शर्ट फाडून तोंडाला बांधला होता त्याने. पुन्हा आत शिरत होता, आम्ही तिघांनी धरून थांबवला. लहान पोरासारखा रडत होता.”

“हे कधी सांगितलं नाहीत कोणाला?”

“कोणी विचारलंच नाही. पंधरा दिवसांत माझी बदली झाली. मला वाटलं, गावाने केव्हाच त्याचा सत्कार केला असेल.”

“कोण होता तो?”

कर्ण्यातून घोषणा सुरू झाल्या. जवानाने वाकून तिच्या कानात सांगितलं.

ती खाली बसली. जाऊने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिला दिसला नाही.

“असं काय झालं? भीती वाटते का?” जाऊने विचारलं. “नका बोलू हवं तर. मी सांगते बाईंना, छाती भरून आलीय म्हणून.”

“नाही,” ती म्हणाली. “बोलायलाच हवं.”

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी तिला हाक मारली. जाऊचा हात सोडून ती एकटीच माईकपर्यंत गेली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. पडद्यावर तिचाच चेहरा भिंतीएवढा झाला आणि दूरच्या मैदानातली लाखभर माणसं गप्प झाली.

“बोला ताई,” राजधानीतली निवेदिका प्रेमाने म्हणाली. “तुम्हाला वाचवणाऱ्याचे आभार मानायचेत ना? कुठे आहे तो देवमाणूस? तिथेच आहे ना तुमच्याजवळ?”

तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

“तो तुरुंगात आहे. माझ्या साक्षीवर.”