त्या वाऱ्यात

"वहिनी, जपून हं. ही टोपी पाण्यात पडली, तर मागोमाग मीही उडी टाकणार," फोटोग्राफर म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

धाकट्या जावेने थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि परत लावलं. दिराने बोटीच्या शिडाचा दोर दोनदा तपासला. नवरा लांब किनाऱ्याकडे बघत राहिला. फोटोग्राफर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही.

सुकाणूचा दांडा तिच्या, म्हणजे वहिनीच्या, हातात होता. दोन वर्षांनी. याच बोटीतून, याच खाडीत त्यांची सोळा वर्षांची लेक पाण्यात पडली होती. तेव्हाही असाच सुट्टीचा दिवस होता, असेच डबे भरून घेतले होते. उकडतंय म्हणून पोरीने अंगातलं तरंगायचं जॅकेट काढून ठेवलं होतं. शिडाखालचा आडवा बांबू गर्रकन फिरला, तिच्या डोक्याला बसला, आणि एवढी पट्टीची पोहणारी पोर हूं की चूं न करता पाण्यात गेली. सुकाणू तेव्हाही आईकडेच होतं. नवरा पुढच्या टोकाला अडकलेला दोर सोडवत होता. "वळव, वळव," तो तिथून ओरडत होता. तिने वळवली. बोट लेकीला ओलांडून पुढे निघून गेली. पुन्हा वळवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिथे नुसतं पाणी होतं.

खापर तिच्यावर कुणी फोडलं नाही. बंदरातले जुने खलाशी घरी येऊन सांगून गेले, डोंगराच्या खिंडीतून येणारा तो वारा फार वाईट, त्यात भल्याभल्यांना बोट जागेवर आणता येत नाही. नवऱ्याचं औषधाचं दुकान. डोस चुकवू नये, तसं तो हे तिला देत राहिला. "त्या वाऱ्यात कुणालाच जमलं नसतं." तिच्या ताटातलं जेवण तसंच राहिलं की म्हणायचा. लेकीच्या खोलीचं दार उघडून ती नुसतीच उभी राहिली की म्हणायचा. ती मान हलवायची. सगळं घर त्या एका वाक्यावर उभं होतं म्हणा ना. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

एक गोष्ट मात्र तिने त्याला कधी सांगितली नव्हती. ती पडदे शिवायची. मशीनवर बसली, लांब सरळ शिवण लागली, की ती मनातल्या मनात बोट वळवायला घ्यायची. दांडा इकडे, शीड तिकडे, दोर सैल, नाक वाऱ्याकडे. पहिले काही महिने मनातसुद्धा बोट पुढेच निघून जायची. मग हळूहळू थांबायला लागली. आता रोज थांबायची. रोज ती वाकायची आणि लेकीला वर घ्यायची. मग पडदा संपायचा आणि दुसरा घ्यावा लागायचा.

"एकदा जाऊन आलं ना वहिनी, की भीती मोडते," असं दिराने किती दिवस लावून धरलं होतं. शेवटी ती हो म्हणाली. निघताना नवऱ्यानेच दांडा तिच्या हातात दिला. "धर. मी आहे ना." कितीतरी दिवसांनी तो असं काही वेगळं बोलला होता. आज बोट नीट परत नेली तर उद्यापासून दोन घास सुखाने जातील, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

"अहो भावजी, ती टोपी हनुवटीखाली बांधा तरी," जाऊ फोटोग्राफरला म्हणाली. कुणीतरी विषय बदलायला हवाच होता. टोपी नवी, गवती, सुपाएवढी.

"बांधू नकोस," दीर म्हणाला. "सावलीला आम्हीपण बसतो तिच्याखाली."

सगळे हसले. तीही हसली.

तेवढ्यात खिंडीतून वारा आला. तोच. मानेला लागला तसा तिने ओळखला. टोपी उडाली आणि बरीच मागे जाऊन पाण्यावर पडली.

तिने विचार केलाच नाही. "डोकी खाली," ती म्हणाली आणि दांडा लोटला. शीड सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे गेलं. "भावजी, दोर सोडा. अजून. बस." दिराने सोडला. बोट वळून आली, नाक वाऱ्याकडे झालं, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. टोपी अलगद बाजूला येऊन टेकली. तिने वाकून एका हाताने उचलली.

फोटोग्राफर टाळ्या वाजवायला लागला. "कमाल केलीत वहिनी. पहिल्या झटक्यात." जाऊ हसली. दीरही हसत होता. मग त्याने आपल्या थोरल्या भावाकडे पाहिलं आणि हसू गिळलं. टाळ्याही थांबल्या.

टोपीतलं पाणी तिच्या मांडीवर गळत होतं. तिला सांगायचं होतं, हे मला तेव्हा येत नव्हतं. नंतर शिकले. मशीनवर बसून शिकले. पण असं कुणी शिकतं का, आणि सांगितलं तरी पटणार कुणाला? ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने ते नेहमीचं वाक्य म्हणावं म्हणून. एकदाच.

नवरा पाण्याकडे बघत होता, जिथून टोपी उचलली तिथे.

"जमलं की तुला," तो म्हणाला.