कमलाबाईंचे मेसेज

“हात नका लावू काकाजी, वायर निघून जाते,” हिरालाल म्हणाला, तसा प्रभाकररावांनी टेबलावरचा हात चटकन मागे घेतला.

नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. शेजारी वायर जोडलेला जुना मोबाईल पडला होता. बाहेर अंगणात मांडववाले बांबू सोडत होते. प्रभाकररावांच्या लेकीचं, हर्षाचं लग्न काल, रविवारी झालं आणि सिंदी मेघे गावातल्या त्या चार खोल्यांच्या घरात आज एकही पाहुणा उरला नव्हता.

“एकही मेसेज जाता कामा नये बरं, हिरालाल.”

“कुठी जाते? कॉपी होऊन राह्यले फक्त. दीडशे आहेत.”

“आणि फोनवर हे पाकिटाचं चित्र काऊन लुकलुकून राह्यलं? शनिवारपासून पाहतो मी.”

“जुना झाला फोन. पाहू ते मागून,” हिरालाल पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान बंद ठेवून तो आला होता, त्याला घाई होती.

दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस मेसेज त्यांच्या बायकोचे, कमलाबाईंचे होते. उरलेले नऊ म्हणजे या आठवड्यात आलेल्या लग्नाच्या शुभेच्छा. दोन वर्षांपूर्वी कमलाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तीस वर्षं सरकारी फायलींत मान खुपसून बसलेल्या प्रभाकररावांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मोबाईल घेतले, तिघांना तीन. कमलाबाई स्वयंपाकघरातून लिहायच्या, ‘जेवायला या’. इंग्रजी अक्षरं, मराठी बोलणं.

ती सवय पुढे साऱ्या घराला लागली. तोंडानं सांगायला जड जाईल ते हर्षा आतल्या खोलीतून लिहून पाठवायची. ‘बाबा, बीएडला नंबर नाही लागला.’ ‘बाबा, गाडी ठोकली.’ प्रभाकरराव बाहेरच्या खोलीतून उत्तर लिहायचे. एखादी गोष्ट पटली नाही की ते उत्तरच द्यायचे नाहीत. तेवढ्यानं घराला काय ते कळायचं.

मागच्या वर्षी कमलाबाई गेल्या. तेव्हापासून मेसेज पुसायच्या बटणाला त्यांनी स्वतः बोट लावलं नव्हतं; बाकीचे अधूनमधून हिरालालच पुसून द्यायचा. चुकून तिचा एखादा गेला तर?

“बाबा, कॉम्प्युटर घ्या, आईचे मेसेज त्याच्यात ठेवा. फोन पडला-गिडला त काय करान?” हर्षा वर्षभर मागे लागली होती.

“तुझं लग्न होऊ दे,” ते म्हणायचे.

लग्न झालं, पण पोरीनं जाताना त्यांचं मन कडू करून टाकलं. ती रडली नाही. गळ्यात पडली नाही. वाकून पाया पडली, गाडीत बसली आणि समोर बघत राहिली. आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, ते प्रभाकररावांनी नेमकं टिपलं. रात्रभर त्यांच्या मनात तेच सलत होतं.

“आजकालच्या पोरी रडत नाई, काकाजी,” हिरालाल म्हणाला.

“नको ना रडू. पण एकदा वळून त पाहावं. मी काय कमी केलं तिले? काल सकाळपासून बोलली त एकच, ‘बाबा, मोबाईल जवळ आहे ना?’ म्हटलं, आहे. मांडवात निघाच्या आधी पुन्हा तेच. शेवटी खिशातून काढून दाखवला तिले.”

दाखवता दाखवता त्यांनी तिच्या आईचा शेवटचा मेसेज उघडला होता. तो वाचून डोळे पुसले, हर्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चल बेटा, मुहूर्त जवळ आला.” ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग मांडवाकडे चालू लागली.

निळी पट्टी भरली. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या. प्रभाकररावांनी चष्मा पुसून कमलाबाईंची शेवटची ओळ शोधली.

“हे पाहा, वाच.”

हिरालालनं वाचलं, ‘हर्षाचं लग्न तिचं मन विचारून करा.’

“विचारलं ना मी. मुलगा दाखवला, ती हो म्हणाली, मग पुढे गेलो. आमच्या घरात जबरदस्ती नाई, हिरालाल. नको असतं त तिनं एक मेसेज केला असता. तेवढं त सोपं आहे आमच्या इथं.”

“बरोबर आहे. आता फोनातले मेसेज पुसून तो खाली करू?”

प्रभाकररावांनी पडद्यावरच्या ओळी पुन्हा वरून खालपर्यंत पाहिल्या. मग मान हलवली. हिरालालनं दोन बटणं दाबली, वायर काढली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

तो हातातच वाजला. लगेच पुन्हा वाजला, आणि पुन्हा.

“फोन भरलेला होता, म्हणून मेसेज बाहेरच अडकून राह्यले,” हिरालाल वायर गुंडाळत म्हणाला. “त्याच्यासाठीच लुकलुकत होतं ते पाकीट. जागा झाली, आता आले. कोणाचे आहेत?”

तिन्ही हर्षाचे होते. पहिला शनिवारी संध्याकाळचा.

‘बाबा, मुलाचा फोन आलता. त्याच्या मनात दुसरीच आहे, घरच्यांच्या धाकानं लग्नाले उभा राहून राह्यला. मले हे लग्न नाई कराचं.’

दुसरा रविवारी सकाळी आठचा.

‘घर पाहुण्यांनी भरलं आहे, तोंडानं बोलवत नाई. तुम्ही फक्त “थांब” एवढं पाठवा. बाकी मी पाहते.’

तिसरा दुपारी एकचा, अक्षता पडल्यानंतरचा.

‘मांडवात निघताना तुम्ही मेसेज उघडून वाचला, बाबा. डोळे पुसले, तेही पाहिलं. तुमचं उत्तर समजलं.’